डावीकडं, जरा खाली

"काका, उद्या माकणीला जाऊन येऊ," कल्याणप्पा दुकानाच्या फळीला टेकून म्हणाला. "नागूबाईच्या लेकीला येकदा सांगून टाकू. माजा हात चुकला न्हवता, पिस्तूलच वाकडं मारत हुतं म्हणून. तुमी संगं असला की तिला पटंल." शरणप्पाच्या हातातला पेचकस स्क्रूच्या खाचेतून सुटला आणि शिलाई मशीनच्या काळ्या अंगावर पांढरी रेघ ओढत गेला. मशीन बाजारपेठेतल्या एका शिंप्याचं होतं आणि त्यानं ते जिवापाड जपलं होतं. शरणप्पानं अंगठा ओला करून रेघ पुसून पाहिली. ती पुसली जाण्यातली नव्हती. लढाईची सगळी वर्षं त्यानं खडकीच्या लष्करी वर्कशॉपात हत्यारं खोलण्यात आणि जोडण्यात काढली होती, नंतर धाराशिवात हे दुकान टाकलं. सायकली, स्टोव्ह, घड्याळं, गिरणीची यंत्रं, काय काय हातातून गेलं, पण पेचकस असा कधी सुटला नव्हता. त्यानं मान वर करून कल्याणप्पाकडं पाहिलं. तोंड भरलेलं, कपाळावर विभूतीचे तीन ताजे पट्टे, अंगात खादीचा नवा सदरा. लोहाऱ्याच्या बंडप्पाचा हा पोरगा मागच्या उन्हाळ्यात उन्हानं करपलेल्या काडीसारखा दिसायचा. आता निजामाचं राज्य जाऊन चार-दोन महिने होत आले होते, गावोगाव त्याला हार घातले जात होते, आणि माघात त्याचं लग्न होतं. मुलगी ईट गावची. लग्नाआधी एवढी एक गोष्ट मोकळी करायची आहे, असं तो म्हणत होता, घराला चुना लावून घ्यायचा आहे असं म्हणावं तशा आवाजात. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. शरणप्पानं पेचकस पुन्हा खाचेत बसवला, तो नीट बसला की नाही हे बोटानं चाचपलं, आणि येतो म्हणाला.

मोटारीत त्याला खिडकीकडची जागा मिळाली. तुळजापूरचा घाट उतरून गाडी सपाटीला लागली तशी दोन्ही अंगांना ज्वारी सुरू झाली, निसवलेली, कणसांनी जड झालेली. त्यानं उजव्या हाताची मूठ केली, सोडली, पुन्हा केली. शेजारी कल्याणप्पा पुढच्या बाकावरच्या माणसाशी बोलत होता. तो माणूस त्याला ओळखत होता. तुम्हीच ना ते, असं विचारून त्यानं जागा बदलून घेतली होती. कल्याणप्पा लाजत नव्हता आणि बढाईही मारत नव्हता. विचारलं तेवढं सांगत होता. आण्णासाहेब पाटलांना कशी गोळी घातली ते सांगत होता, आणि मग आपणहून चुकून मेलेल्या नागूबाईचंही. पहिल्या खेपेला पिस्तुलाची माशी सरकलेली होती, गोळी डावीकडं जायची, हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की शरणप्पाला क्षणभर वाटलं, असंच तर झालं होतं. आपणच काहीतरी चुकीचं आठवत बसलो आहोत. मग मोटार खड्ड्यातून गेली, त्याचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटलं, आणि सगळं पुन्हा होतं तिथं आलं.

माशी सरकलेली नव्हती. सरकते ती मुळी माशी नव्हेच. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, तो जाम असतो. सरकवता येते ती मागची खाच. हे त्यानं कॅम्पातल्या सगळ्यांना शिकवलं होतं, पण लोकांच्या बोलण्यात खाचेचं माशी होऊन गेलं होतं आणि दुरुस्त करायला तोंड उघडायची त्याला भीती वाटत होती. एक शब्द दुरुस्त केला तर पुढचं सगळं आपोआप तोंडातून बाहेर येईल अशी ती भीती होती. हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात कॅम्प होता. रझाकारांनी घरं जाळली तशी माणसं हद्द ओलांडून तिकडं जमत गेली, दुकान बंद करून शरणप्पाही गेला. पंचाक्षरी मास्तर प्रमुख होते. आधी शाळेवर होते, म्हणून सगळे मास्तरच म्हणायचे. बंदुका होत्या चार-दोन, ठासणीच्या. आणि कोणीतरी लढाईवरून परतलेल्या शिपायाकडून आणलेलं ते एक पिस्तूल. गोळी सुटली की आपणच मागं सरकून रिकामं काडतूस बाहेर फेकणारं आणि पुढची गोळी आपणच नळीत घेणारं. ते हातात घेतल्यावर शरणप्पाला खडकीच्या तेलाचा वास आला होता आणि बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं, याचीच आता लाज वाटत होती.

नेम डोळ्यात असतो असं सगळे धरून चालायचे. तो शिकवायचा की डोळ्याचं काम शेवटचं. बंदुकीला खांद्याचा आधार असतो. पिस्तूल हवेत असतं, त्याला फक्त मूठ. नळी वीतभर. मुठीत केसाएवढा फरक पडला तर समोर हातभर फरक पडतो. शिवाय ह्या जातीच्या पिस्तुलाची नळी एका जागी पक्की नसते. दर गोळीला ती जराशी खाली बसते, मागं जाते, परत येऊन जागेवर अडकते. दर वेळी त्याच जागी परत आली तर गोळी त्याच जागी जाते. पुढची कडी झिजली, आतली स्प्रिंग मऊ झाली, की नळी जवळपास जागेवर येते, बरोबर जागेवर येत नाही, आणि जवळपास म्हणजे चुकलंच. काडतुसं एका पेटीतली पाहिजेत. त्यांच्याकडची तीन ठिकाणांहून आलेली होती, काही तर ज्वारीच्या पेवात लपवलेली, दारू सर्दावलेली. आणि घोडा, बोटानं ओढायचा तो. घोडा जड असला की बोट ओढता ओढता अख्खा हात ओढला जातो. उजव्या हाताच्या माणसाची गोळी मग डावीकडं जाते, जरा खाली. त्या पिस्तुलाचा घोडा जड होता. शरणप्पाला तो हलका करता आला असता, आतल्या टाचेला कानशीचे हलके हात मारले की झालं. त्यानं केला नव्हता. शेतावरची माणसं, कधी पिस्तूल न धरलेली. हलक्या घोड्यानं कमरेलाच गोळी सुटून कोणी मरेल म्हणून. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. हे सगळं शिकवून झालं की तो सर्वांत अवघड गोष्ट सांगायचा: माशीकडं बघायचं, माणसाकडं नाही. डोळ्याला एका वेळी एकच लांबी स्वच्छ दिसते. माशी स्वच्छ पाहिजे, तिच्या कडा कोरल्यासारख्या, आणि माणूस मागं धुरकट. कल्याणप्पानं विचारलं होतं, माणूस धुरकट दिसला तर तो माणूसच हाय हे कसं कळावं. सगळे हसले होते. शरणप्पाही हसला होता. ते एकदा ठरवून टाकायचं आणि मग विसरायचं, असं त्यानं सांगितलं होतं. ते वाक्य आपण कुठून आणलं, खडकीत कोणी शिकवलं होतं की आपल्याच मनातलं, हे त्याला आता काही केल्या आठवेना.

लोहाऱ्याला उतरल्यावर कल्याणप्पाला घरी जाऊन यायचं होतं. शरणप्पा नको म्हणाला, उन्हं चढण्याआधी निघू. खरं तर बंडप्पासमोर बसून त्यांच्या हातचं पाणी प्यायची त्याला इच्छा नव्हती. त्या घरात तो पोराला वाचवणारा माणूस होता. ते बाजारतळावरून गेले. बाजाराचा दिवस नव्हता. मोकळ्या जागेत दोन गाढवं आणि वाऱ्यानं फिरणारा पाचोळा. कल्याणप्पानं चालता चालता हात करून दाखवलं, आण्णासाहेब हितं हुते, म्या त्या लिंबाखाली, आणि ती तिथं. शरणप्पा थांबला. त्यानं ही जागा कधी पाहिली नव्हती. मनात त्यानं ती कितीदा मांडली होती, आणि मनातली जागा बरीच मोठी होती. इथं तर लिंबापासून आण्णासाहेब उभे होते ते ठिकाण इतकं जवळ की हाक मारायला आवाज चढवावा लागू नये. आणि आण्णासाहेबांच्या डाव्या अंगाला, जमिनीवर, मिरच्या-वांग्यांची पाटी पुढं घेऊन बसलेली बाई. उभ्या माणसावर सोडलेली, बसलेल्या बाईला लागलेली. डावीकडं, जरा खाली. त्याला कोणी नकाशा काढून दाखवला असता तरी इतकं उघड दिसलं नसतं. मास्तरांनी ही जागा पाहिली असती तर हातच चुकला हे त्यांनी ओळखलं असतं.

आण्णासाहेब तेरणेकाठच्या एका गावचे पाटील. कुठलं घर जाळायचं, कोणाचा पोरगा हद्दीपलीकडं गेला, हे रझाकारांना तेच दाखवायचे. याबद्दल कोणालाच शंका नव्हती, शरणप्पालाही नव्हती. त्यांना मारायला कल्याणप्पाला निवडलं ते त्याच्या शेताचा बांध त्यांच्या बांधाला लागून होता म्हणून. तो जवळ गेला तरी कोणी हटकणार नाही. तो गेला, आणि तो परतायच्या आधी बातमी आली की पाटील जिवंत आहेत आणि माकणीची एक म्हातारी बाजारात मेली. मग ओढ्याओढ्यानं लपत तो आला. धोतर फाटलेलं, ओठ फुटलेले. पिस्तूल त्यानं पटक्यात गुंडाळून पोटाशी बांधलं होतं आणि ते सोडवताना त्याच्या हाताला गाठ सुटेना. शरणप्पानं सोडवली. कुठं गेली, एवढंच विचारलं. डावीकडं, जरा खाली, कल्याणप्पा म्हणाला, आणि मग दुसऱ्या दिवशी, गुऱ्हाळाच्या चुलवणामागं दोघंच असताना, बाकीचं. "त्यांनी वळून बघितलं, काका. वळखलं मला. हसले. आरं कल्लू, कवा आलास, असं म्हणाले बगा. म्या माशी सोडली आन् तोंडाकडं बघत ऱ्हायलो. बोट मातर वढतच हुतं." हे त्यानं एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही. त्यानंतर काही दिवसांनी तो हे विसरला, आणि ते ढोंग नव्हतं. शरणप्पा त्याचा चेहरा पाहत होता, तो खरोखरच विसरला. माणूस इतकं साफ विसरू शकतो याचा शरणप्पाला राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

कॅम्पात कुजबुज सुरू झाली होती. शंकरप्पा म्हणून एक होता, त्याचं घर आण्णासाहेबांच्या खुणेवरून जळलं होतं, आत त्याचा बाप होता. तो उघड बोलायचा. बांधाला बांध लागलेला, मुद्दाम चुकवली, आणि चुकवायचं म्हणून एका गरिबाचा जीव घेतला. असा माणूस कॅम्पात जिवंत ठेवला तर उद्या आपल्या सगळ्यांची घरं दाखवील. ऐकणारे मान हलवायचे. मास्तर गप्प होते, आणि मास्तर गप्प असले की ते काहीतरी ठरवत असतात हे सर्वांना ठाऊक होतं. मग त्यांनी पिस्तूल शरणप्पाच्या पुढ्यात ठेवलं. "हत्यार खोटं का माणूस खोटा, येवढंच मला सांगा," ते म्हणाले. "तुमी जे सांगाल ते म्या धरून चालंन." शरणप्पा ते घेऊन सकाळी ओढ्याच्या कोरड्या पात्रात एकटा गेला. वाळूनं भरलेल्या पोत्यावर मनगट टेकवलं, दरडीला खापराचं पांढरं वर्तुळ लावलं, आणि एकेक गोळी झाडली. पोत्याला भीती नसते. गोळ्या सगळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या, वर्तुळाच्या मधोमध. जुनी कडी, मिसळ काडतुसं, जड घोडा, सगळं असूनही. पिस्तूल खरं होतं. मग त्यानं पोतं सोडून हातानं झाडून पाहिलं, आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या दरडीभर पसरल्या, बऱ्याचशा डावीकडं. तो त्या भोकांकडं पाहत उभा राहिला. उन्हात दरडीवरची माती थोडी थोडी ओघळत होती. सांगायला शब्द चारच होते, हत्यार नीट हाय मास्तर, आणि ते सांगितल्यावर शंकरप्पा आणि दोघं-तिघं कल्याणप्पाला घेऊन ह्याच ओढ्यात येतील. कदाचित हेच पिस्तूल घेऊन. जवळून, जिथं नेमाचा प्रश्न नसतो. त्यानं पिशवीतून पितळेचा तुकडा काढला, मागच्या खाचेच्या उजव्या अंगाला लावला आणि हातोडीनं टोला दिला. खाच डावीकडं सरकली, ज्वारीच्या दाण्याच्या जाडीएवढी. आवाज अगदीच किरकोळ झाला. एखाद्या बाईनं बांगडी फोडावी एवढा.

पुढं सगळं सोपं होतं आणि म्हणूनच भयंकर. मास्तरांसमोर, शंकरप्पासमोर, त्यानं त्याच पोत्यावरून झाडून दाखवलं आणि भोकं वर्तुळाच्या डावीकडं पडली. मास्तर हुशार. डावीकडचं कळलं, खाली कशी गेली, असं त्यांनी विचारलं. नळीची पुढची कडी सैल आहे, शरणप्पानं सांगितलं, कधी खाली जाते, कधी जात नाही. कडी सैल होती, हे खोटं नव्हतं. त्यानं कुठल्याही बंद पडलेल्या यंत्राबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि मास्तरांनी तसंच ऐकलं. शंकरप्पानं कल्याणप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. तो रडला. दोघंही रडले. शरणप्पाच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं, तेवढ्यात मास्तर उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, मग नीट करा ते, आणि ह्यालाच परत धाडू. त्याच्यावरचा आळ त्यानंच धुतलेला बरा. शरणप्पा उभाच राहिला. हे त्याला आधी कसं दिसलं नाही? माणूस खोटा ठरला असता तर मेला असता. हत्यार खोटं ठरलं म्हणून त्याला पुन्हा मारायला जायचं होतं. मधली वाट त्यानं स्वतःच्या हातानं, पितळेच्या तुकड्यानं बुजवली होती. घोडा हलका करावा, कडी घट्ट करावी, निदान एक काहीतरी खरोखरच करावं, असं त्याला तेव्हा वाटलं. पण हात चालेना. खाच परत होती तिथं आणून ठेवली आणि पिस्तूल नीट झालं म्हणून सांगितलं. आणि कल्याणप्पा झाडायला लागला तर गोळ्या मधोमध. हाताला कंप नाही, घोडा जड असूनही बोट सावकाश, सरळ मागं. पिस्तुलात काही बदललं नव्हतं. शरणप्पानं सगळ्या कारणांची उजळणी केली, नळी, स्प्रिंग, काडतूस, घोडा, मूठ, श्वास, आणि हे कारण त्यांत कुठंच बसेना. पोराला वाटत होतं आपला हात चांगला आहे, म्हणून हात चांगला झाला होता.

दुसऱ्या खेपेला आण्णासाहेब खळ्यावर उभे होते. पहिलीच गोळी. कल्याणप्पा परत आला, हातपाय धुतले, लिंगपूजा केली आणि जेवायला बसला. भाकरीवर चटणी वाढून घेतली. मग शरणप्पाला म्हणाला की ह्या वेळेला डाव्या अंगाला गेली नाही. तोंड दिसलं का, असं शरणप्पानं विचारलं. विचारायचं नव्हतं, विचारून गेला. तोंड? कल्याणप्पाला प्रश्नच नीट कळला नाही. तुम्ही सांगितलं तसं केलं, माशीकडं बघितलं, असं तो म्हणाला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्या दुपारी शरणप्पानं पिस्तूल खोललं, पुसलं, जोडलं. परत खोललं. मास्तर येऊन उभे राहिले तेव्हा तो तेच करत होता, आणि काय शोधता म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं स्प्रिंग काढून पुन्हा पुसायला घेतली.

माकणीला पोचेतो उन्हं डोक्यावर आली. तेरणेच्या पात्रात पाणी होतं, पलीकडं मिरचीचे लाल पट्टे दिसत होते. गावात शिरल्या शिरल्या कल्याणप्पाला लोकांनी ओळखलं. एकानं चहा घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही म्हटलं. नागूबाईचं घर टोकाला होतं, ओट्याचं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं. तिची लेक शिवगंगा दारात सुपात तूर निवडत बसली होती. तिशीची असेल. नवरा गेल्यावर आईजवळच येऊन राहिलेली, आणि आता एकटी. त्यांना पाहून ती उठली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, आतून घोंगडी आणून टाकली आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला. कोण आले आहेत हे तिला कोणी सांगायची गरज दिसत नव्हती. कल्याणप्पानं शरणु शरणार्थी म्हणत हात जोडले आणि बोलायला लागला. त्यानं चांगलं सांगितलं. मोटारीत सांगितलं होतं तसंच, पण जास्त हळू. आपण तिच्या आईला कधी विसरलो नाही, लग्न ठरलंय पण मन खातं, आपल्या हातात जे हत्यार दिलं ते वाकडं मारणारं होतं, हे नंतर ह्या काकांनी तपासून काढलं, सगळ्यांसमोर दाखवलं. शिवगंगा ऐकत होती आणि तिची बोटं सुपात चालत होती, खडा दिसला की बाजूला, खडा दिसला की बाजूला. शरणप्पा तिच्या बोटांकडं पाहत राहिला. तांब्याला हात लावायचं त्याला सुचलं नाही.

"मंजे दोष हत्याराचा," ती म्हणाली.

"व्हय," कल्याणप्पा म्हणाला.

"आन् हत्यार कुनाच्या सुपूर्द हुतं?"

कल्याणप्पानं शरणप्पाकडं पाहिलं, आणि शरणप्पाला दिसलं की हा विचार त्याला आज, इथं, ह्या घोंगडीवर पहिल्यांदा शिवला आहे. दोष हाताचा नाही तर हत्याराचा, आणि हत्याराचा तर हत्यार राखणाऱ्याचा. ही गोष्ट इतकी सरळ होती, आणि इतके महिने ती कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. कल्याणप्पा काहीतरी सावरायला बघत होता. त्याला सावरता येणार नव्हतं.

"माज्या," शरणप्पा म्हणाला. "मीच नीट करून दिलं हुतं."

हे बोलताना त्याला घोड्याची आठवण झाली, न मारलेल्या कानशीची, आणि आपण पूर्ण खोटं बोलत नाही आहोत अशी काहीतरी लंगडी समजूत वाटली. शिवगंगेनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. ती कल्याणप्पाला म्हणाली की तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता चहाला लोक थांबलेत, तुम्ही व्हा पुढं. मग शरणप्पाला, "तुमी बसा." कल्याणप्पा उठला. त्यानं वाकून उंबऱ्याला हात लावला, काकांच्या चपला सरळ करून ठेवल्या, आणि गेला. उजेडातून जाताना त्याची पाठ मोकळी दिसत होती, ओझं उतरवून निघालेल्या हमालासारखी. बाहेर कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं ओ दिली.

शरणप्पाला वाटलं शिवगंगा शिव्या देईल, आणि त्याला त्या हव्या होत्या. त्यानं मांडी बदलली, पुन्हा पहिली घातली. मग तिनं विचारलं ते वेगळंच होतं. आपल्याला हत्यारातलं कळत नाही, ती म्हणाली, पण एक विचारायचं आहे. तेच हत्यार, तोच माणूस, पहिल्यांदा माझ्या आईला लागली, दुसऱ्यांदा बरोबर पाटलाला. "मधी तुमी काय केलंत त्येला?"

ओढ्यातलं पोतं, दरडीची ओघळणारी माती, मास्तरांचे वाट पाहणारे डोळे, सगळं एकदम आलं आणि कशालाच धरता येईना. सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. कडी बसवली. खाच सरकवली. नवी स्प्रिंग टाकली. हत्यारातलं न कळणाऱ्या बाईला यांतलं काहीही पटलं असतं, आणि ती मान हलवून चहाचं आधण ठेवायला उठली असती.

"काय बी न्हाय केलं," तो म्हणाला. "हत्यार पयल्यापासनं नीटच हुतं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. नजर काढली नाही. बाहेर पारावर कल्याणप्पाचा आवाज आणि दोघा-तिघांचं हसणं ऐकू येत होतं.

"त्येला ठावं हाय?"

"एकदा हुतं. आता न्हाय."

"आन् बाकीच्यास्नी?"

"कुनालाच न्हाय."

"त्येला मारलं असतं का तुमच्या लोकांनी? खरं सांगितलं असतं तर?"

"व्हय."

तिनं खाली मान घातली. सुपाच्या कडेवर एक खडा राहिला होता, तो नखानं उडवला. शरणप्पाला वाटलं, आता ती उठेल, दारात जाईल, पारावरच्या माणसांना हाक मारील. त्यानं तिला अडवलं नसतं. ती उठली नाही.

"त्येला झोप लागती का?" तिनं विचारलं.

"लागती."

"तुमाला?"

"न्हाय."

"मला बी न्हाय," शिवगंगा म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. थोड्या वेळानं तिनं त्यातली मूठभर तूर शरणप्पाच्या पुढ्यात घोंगडीवर ओतली. मग त्यानं वाकून निवडायला सुरुवात केली.